‘मी उडी मारीन’ : कारखान्यातील प्रसंगाधारित गट-अभ्यासाविषयी

टाकीत उतरलेला माणूस हाकेला ओ देईनासा झाला तर बाहेर उभ्या असलेल्याने काय करावे, हा प्रश्न मी गेली अकरा वर्षे रासायनिक कारखान्यांतील प्रशिक्षणवर्गांत विचारत आले आहे. त्याचे बरोबर उत्तर वर्गातील जवळजवळ प्रत्येकाला पाठ असते. आत जायचे नाही, आरडाओरडा करून मदत बोलवायची, कंट्रोल रूमला कळवायचे आणि बीए सेट (बाहेरच्या हवेविना श्वास घेता येईल असे उपकरण) घातलेल्या, शिकलेल्या माणसांनीच खाली उतरायचे. वर्गाच्या शेवटी वीस गुणांची चाचणी घेतली तर या प्रश्नाला कोणी चुकत नाही. सुरुवातीची तीन-चार वर्षे मी त्या गुणांवर समाधानी होते. उत्तरपत्रिका फाइलला लागत, हजेरीपटावर सह्या होत आणि प्रशिक्षण पार पडले असे मी मानत असे.

ते समाधान एका नियर मिसने, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताने, मोडले. माझा वर्ग होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तेवढ्यात त्याच कारखान्यात एका ऑपरेटरचा पाना उघड्या मॅनहोलमधून रिॲक्टरमध्ये, म्हणजे रसायने मिसळण्याच्या बंद भांड्यात, ॲजिटेटरच्या (ढवळणीच्या) पात्यावर पडला. हात लांबवला तर मिळेल असा तो दिसत होता, म्हणून हा माणूस कमरेपर्यंत आत वाकला. रिॲक्टरमध्ये नायट्रोजन भरलेला होता. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही आणि त्यात माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. बाहेरच्या हवेत २०.९ टक्के असणारा ऑक्सिजन तिथे जवळजवळ नसतोच आणि एक-दोन श्वासांत शुद्ध जाते. शेजारी उभ्या असलेल्या फिटरने त्याचे पाय धरून मागे ओढले, म्हणून तो वाचला. पुढे मी त्याला भेटले तेव्हा त्याची उत्तरपत्रिका माझ्या फाइलमध्ये होती, वीसपैकी अठरा गुणांची. तो म्हणाला, “मॅडम, तेव्हा परमिट-बिरमिट काही आठवलंच नाही. पाना दिसला, मी वाकलो.”

या वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. त्याला उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. ‘बंदिस्त जागेत प्रवेश करण्यापूर्वी काय कराल?’ या प्रश्नाचे उत्तर, परमिट म्हणजे लेखी परवानगी घेण्यापासून, त्याला पक्के ठाऊक होते. परंतु त्या दुपारी त्याच्यासमोर तो प्रश्न आलाच नव्हता. त्याच्या लेखी तो कुठल्याही बंदिस्त जागेत शिरत नव्हता, तो फक्त पडलेला पाना उचलत होता. मी त्याला नियम शिकवला होता, पण नियम लागू होण्याची वेळ कशी दिसते, ती किती साध्या, रोजच्या वेषात समोर येते, हे शिकवले नव्हते. आणि ते व्याख्यानाने शिकवता येते असे मला आजही वाटत नाही. त्यासाठी माणसाला त्याच्याच प्लँटमधल्या एखाद्या प्रसंगात, त्याच्याच पाळीतल्या माणसांबरोबर बसवावे लागते आणि त्याने काय केले असते ते त्याच्या तोंडून यावे लागते. तेव्हापासून माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक वेळ मी प्रसंगाधारित गट-अभ्यासाला देत आले आहे.

माझी बैठक अशी असते. एका टेबलाभोवती सहा-सात जण बसतात आणि ते शक्यतो एकाच पाळीचे असतात : शिफ्ट इनचार्ज, ऑपरेटर, फिटर, स्टोअरचा माणूस, ठेकेदाराचा सुपरवायझर, एखादा हेल्पर आणि गेटवरचा सुरक्षारक्षक. सुरक्षारक्षकाला प्रशिक्षणाला बोलवावे हे पुष्कळ व्यवस्थापनांना आधी पटत नाही. रुग्णवाहिका गेटवर आल्यावर तिला कोणत्या रस्त्याने आत घ्यायचे आणि वाटेत उभे असलेले टँकर कोणी हलवायचे हे त्याच्याच हाती असते, हे सांगितल्यावर पटते. प्रसंग मी एकदम पूर्ण सांगत नाही. चार-पाच चिठ्ठ्या करते आणि प्रत्येक चिठ्ठी मोठ्याने, मराठीत आणि हिंदीत वाचते, कारण टेबलावर बसलेल्यांपैकी काहींना वाचता येत नाही आणि छापील कागद वाटला की वाचता येणारेच बोलू लागतात. एका चिठ्ठीला तीन ते चार मिनिटे. गटाने ठरवायचे, मग पुढची चिठ्ठी.

एका वर्गातील प्रसंग सविस्तर लिहिते, कारण पुढचे सारे त्याच्यावर उभे आहे.

पहिली चिठ्ठी : शनिवार, दुपारचे पावणेतीन. पहिली पाळी तीनला सुटणार आहे. ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) कलेक्शन टाकीतला पंप चोक झाला आहे. टाकी बारा फूट खोल, तळाशी गुडघाभर गाळ. सकाळी नऊ वाजता गॅस टेस्ट झाली, सगळे आकडे ठीक आले, पाच वाजेपर्यंतचे परमिट सही होऊन टाकीजवळ लटकवलेले आहे. ठेकेदाराचे दोन जण कामावर आहेत, एक आत, एक वर. तुम्ही तिथून जात आहात. काय दिसते आणि काय करता?

तीनही टेबलांनी हेच सांगितले की काही करायचे नाही, परमिट आहे, काम चालू द्यायचे. मी काहीच बोलले नाही. या ठिकाणी बोलण्याचा मोह मला फार होतो, कारण खरा धोका याच चिठ्ठीत आहे. सांडपाण्याच्या गाळात हवा पोहोचत नाही. तिथले जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि तो गाळातच अडकून राहतो. नऊ वाजता गाळ स्थिर होता, म्हणून आकडे ठीक आले. माणूस आत उतरला, त्याने फावडे मारले, गाळ ढवळला गेला आणि गॅस सुटू लागला. तो हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे तळाशी साचतो. सकाळची चाचणी खोटी नव्हती, ती सकाळची होती. पण हे मी पहिल्या चिठ्ठीलाच सांगितले असते तर पुढचे काहीच घडले नसते.

दुसरी चिठ्ठी : वरचा माणूस हाक मारतो, आतून ओ येत नाही. टेबलांवरचे आवाज वाढले. सायरन, कंट्रोल रूम, ॲम्ब्युलन्स, बीए सेट, सगळे शब्द बरोबर क्रमाने आले. तिसरी चिठ्ठी : गॅस डिटेक्टर स्टोअरमध्ये चार्जिंगला लावला आहे आणि शनिवार असल्यामुळे स्टोअर दीडलाच बंद झाले. बीए सेट मुख्य प्लँटच्या कंट्रोल रूममध्ये आहे, तिथून चालत चार मिनिटे लागतात. ही माहिती मी आदल्या दिवशी त्याच कारखान्यात फिरून, घड्याळ लावून गोळा केली होती. टेबले थोडी शांत झाली. स्टोअरच्या माणसाने मान खाली घातली, आणि त्याला तसे वाटू नये म्हणून मी लगेच सांगितले की ही व्यवस्था त्याने ठरवलेली नाही.

चौथी चिठ्ठी : वर उभा असलेला आणि आत पडलेला हे दोघे एकाच गावचे, चुलतभाऊ आहेत.

ही चिठ्ठी मी कल्पनेने लिहिलेली नव्हती. ठेकेदाराची माणसे बहुतेक वेळा अशीच येतात. एकाने दुसऱ्याला गावाहून आणलेले असते, खोली एक असते, डबा एक असतो. खोलीभर कोणी बोलेना. मग दुसऱ्या टेबलाच्या टोकाला बसलेला बावीस-तेवीस वर्षांचा एक हेल्पर, जो तोपर्यंत एक शब्दही बोलला नव्हता, हळूच म्हणाला, “मी उडी मारीन.”

त्याचा सुपरवायझर त्याच्यावर ओरडला, “अरे, आत्ताच काय शिकवलं तुला?” दोघे-तिघे हसले. मी सगळ्यांना थांबवले. त्या सकाळपासून त्या खोलीत उच्चारले गेलेले ते पहिले खरे उत्तर होते आणि ते देणाऱ्याला गप्प बसवले असते तर वर्ग तिथेच संपला असता. मी सर्वांना विचारले की आत पडलेला माणूस तुमचा सख्खा भाऊ किंवा मुलगा असेल आणि तुमच्या हातात डिटेक्टर नसेल, सेट नसेल, तर किती जण उतरतील. आधी एकही हात वर आला नाही. मग पन्नाशीच्या शिफ्ट इनचार्जने हात वर केला. त्यानंतर एकेक करत एकोणीस जणांतले अकरा हात वर आले.

अमेरिकेच्या ‘नायॉश’ या व्यावसायिक सुरक्षा-संशोधन संस्थेने १९८६ साली बंदिस्त जागांतील अपघातांविषयी इशारा प्रसिद्ध केला, त्यात अशा मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून अधिक मृत्यू वाचवायला गेलेल्यांचे असतात असे नमूद आहे. आपल्याकडच्या बातम्या वाचणाऱ्याला त्याचे आश्चर्य वाटणार नाही. सेप्टिक टँक असो, गटाराचा मॅनहोल असो की शेतातली जुनी विहीर, बातमीत एकाचे नाव क्वचितच असते. त्याला काढायला उतरलेला दुसरा आणि दुसऱ्यासाठी उतरलेला तिसरा असतो. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो, पण हवेच्या दशलक्ष भागांत तो सुमारे १०० भागांवर गेला की नाक बधिर होते आणि वास येणे बंद होते. ७०० ते १,००० भागांच्या घरात एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. वास गेला म्हणजे गॅस गेला असे समजून उतरणाऱ्याला शिडीची शेवटची पायरीही गाठता येत नाही. हे सगळे मी पूर्वीही सांगत असे आणि लोक लिहून घेत. त्या दिवशी मात्र अकरा हात वर असताना सांगितले, तेव्हा ते प्रत्येकाने स्वतःला लावून ऐकले.

त्यानंतरची चर्चा तास-सव्वा तास चालली. अभ्यासापेक्षा चर्चा लांब असावी, निदान दीडपट, हे मी आता नियमासारखे पाळते. चर्चेत ‘तू असे का केलेस?’ हा प्रश्न मी विचारत नाही, कारण ‘का’ ऐकताच माणूस बचाव करू लागतो. ‘त्या क्षणी तुला काय माहीत होते? काय माहीत नव्हते? कोणाला विचारावेसे वाटले आणि का विचारले नाहीस?’ असे विचारते, आणि सर्वांत तरुण, सर्वांत कनिष्ठ माणसापासून सुरू करते. साहेब एकदा बोलले की त्यांच्या मताच्या विरुद्ध जाणारे वाक्य त्या खोलीत पुन्हा जन्माला येत नाही.

त्या चर्चेत एका फिटरने जे सांगितले त्याने माझे स्वतःचे शिकवणे बदलले. तो म्हणाला, “तुम्ही आत जाऊ नका म्हणता, ते कळतं. पण मग मी करू काय? हात बांधून त्याला मरताना बघू?” आमच्या साऱ्या सूचना नकारात होत्या. भाऊ खाली पडलेला असताना ज्याच्या हाताला काहीच काम नाही, तो माणूस उडीच मारणार. म्हणून प्रश्न फिरवून घेतला : टाकीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हाताला, आत न उतरता त्याला बाहेर काढता येईल असे काय देता येईल? उत्तर नवे नव्हते. उतरणाऱ्याने आधीपासूनच हार्नेस, म्हणजे अंगाभोवतीचे पट्टे, घालायचा, त्याला लाइफलाइन म्हणजे दोर बांधायचा, वर ट्रायपॉड म्हणजे तिपाई आणि तो दोर ओढणारी, हाताने फिरवायची विंच लावायची. ओ आली नाही की वरच्याने पहिल्या क्षणी विंच फिरवायला लागायचे आणि तोंडाने ओरडत राहायचे. ट्रायपॉड त्या कारखान्यात होता. स्टोअरमध्ये, मूळ पॅकिंगमध्ये.

जेवणानंतर आम्ही तो काढला. माणसाऐवजी वाळूच्या गोण्या हार्नेसमध्ये बांधल्या, साधारण साठ किलोंच्या, आणि एका रिकाम्या, धुतलेल्या, तपासलेल्या टाकीत सोडल्या. सकाळी ‘मी उडी मारीन’ म्हणणाऱ्या त्याच मुलाने विंच फिरवली. पहिल्या खेपेला दोर शिडीच्या कडेला घासून अडकला आणि गोण्या अर्ध्यावर लटकल्या. दुसऱ्या खेपेला ट्रायपॉड हातभर सरकवला, तेव्हा ओझे सरळ वर आले. ट्रायपॉडचे पाय नेमके कुठे ठेवायचे, याच्या खुणा त्यांनी त्याच दिवशी पिवळ्या रंगाने टाकीच्या कठड्यावर केल्या. गॅस डिटेक्टर सतत अंगावर असावा, केवळ सकाळच्या चाचणीवर दिवस काढू नये, हे त्यानंतर सांगावे लागले नाही. पहिल्या चिठ्ठीकडे परत जाऊन त्यांनीच ते शोधले.

यावरून मला जे ठामपणे वाटते ते असे की गट-अभ्यासात चुकीचे उत्तर बाहेर येण्याची सोय असली पाहिजे. ज्या प्रसंगात बरोबर उत्तर पहिल्याच वाचनात दिसते, तो प्रसंग म्हणजे गोष्टीच्या रूपातील परीक्षा. माझे सुरुवातीचे प्रसंग तसेच होते. ‘एका कामगाराने परमिट न घेता टाकीत प्रवेश केला, त्याचे काय चुकले?’ अशा वाक्याने सुरू होणाऱ्या प्रसंगात चूक आधीच सांगून टाकलेली असते आणि ती करणारा कोणी तरी दुसरा, मूर्ख माणूस असतो. प्रत्यक्षात चूक करणारा मूर्ख नसतो. तो घाईत असतो, पाळी सुटायला पंधरा मिनिटे असतात, परमिटवर सही असते आणि काल, परवा, तेरवा असेच काम करून काही झालेले नसते. प्रसंग लिहिताना ही सगळी वाजवी कारणे त्यात घालावी लागतात. वाचणाऱ्याला ‘मीही हेच केले असते’ असे वाटले, तर प्रसंग बरा जमला.

कागदावरच्या सूचनांपेक्षा पाळीबदल हा मला अधिक नाजूक विषय वाटतो आणि त्यासाठी मी वापरते तो दुसरा अभ्यास ‘पायपर अल्फा’च्या दुर्घटनेवरून बेतलेला आहे. ६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रातील या तेलफलाटावर स्फोट होऊन १६७ माणसे गेली. कंडेन्सेटच्या (वायूपासून मिळणाऱ्या द्रव इंधनाच्या) दोन पंपांपैकी एकाचा सुरक्षा-व्हॉल्व्ह त्या दिवशी दुरुस्तीसाठी काढला होता आणि त्या जागी तात्पुरते झाकण बसवले होते. त्याच पंपाच्या मोठ्या दुरुस्तीचे परमिट वेगळे होते आणि ते काम सुरूच झाले नव्हते. रात्री दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीच्या माणसांनी कागद पाहिले, त्यांना मोठ्या दुरुस्तीचे परमिट मिळाले, काम सुरू झालेले नाही असे दिसले आणि त्यांनी पहिला पंप चालू केला. व्हॉल्व्ह जागेवर नाही ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. त्या फलाटावर परमिटची पद्धत होती, फॉर्म होते, सह्या होत्या. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या, त्यांत परमिट-पद्धतीला महत्त्वाचे स्थान आहे.

ही हकिगत मी वर्गात आधी सांगत नाही. गटाचे दोन भाग करते आणि त्यांना दोन खोल्यांत बसवते. पहिली खोली दिवसपाळी. तिला मी अर्ध्या तासात सात कामे देते, त्यांतली काही पूर्ण, काही अर्धवट, दोन एकाच उपकरणावरची. त्यांनी नेहमीच्या लॉगबुकमध्ये, नेहमीच्या पद्धतीने नोंद करायची. मग दोन्ही खोल्यांतून एकेक जण दारात भेटतो. त्यांना बोलायला फक्त पाच मिनिटे, कारण त्या कारखान्यात मी घड्याळ लावून पाहिले तेव्हा पाळीबदलाच्या वेळी बस सुटायच्या आधी प्रत्यक्षात तेवढाच वेळ मिळत होता. नंतर रात्रपाळीच्या खोलीत मी जाऊन सांगते की ब पंप ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला आहे, प्लँट थांबवला तर बॅच वाया जाईल. अ पंप चालू करणार का?

मी हा अभ्यास आजवर बऱ्याच ठिकाणी घेतला आणि पंप चालू करणारे गटच अधिक निघाले. नंतर दोन्ही खोल्या एकत्र बसतात आणि लॉगबुक मधे ठेवले जाते. बहुतेक वेळा नोंद त्यात असते. ‘पीएसव्ही काढला’ (पीएसव्ही म्हणजे तोच सुरक्षा-व्हॉल्व्ह) असे दोन शब्द, पंपाच्या क्रमांकाशिवाय, बॅचच्या तापमानांच्या रांगेत दडलेले. दिवसपाळीवाला म्हणतो, मी लिहिले होते. रात्रपाळीवाला म्हणतो, मी वाचले होते. दोघेही खरे बोलत असतात. या टप्प्यावर मी ‘पायपर अल्फा’ सांगते आणि ते ऐकताना लोकांचे चेहरे ज्या तऱ्हेने बदलतात, ते पाहिल्यावर मला पुढे स्लाइड लावावीशी वाटत नाही. एका कारखान्याने या अभ्यासानंतर अर्धवट राहिलेल्या कामांसाठी लॉगबुकात लाल पान वेगळे केले आणि बस दहा मिनिटे उशिरा सोडायला सुरुवात केली. दुसऱ्या गोष्टीला जास्त महिने लागले.

गटात वरची आणि खालची माणसे एकत्र बसवावीत की नाही, यावर माझे सहकारी माझ्याशी वाद घालतात. त्यांचे म्हणणे असे की मॅनेजर समोर असला की हेल्पर बोलत नाही, म्हणून गट वेगळे करा. त्यांची अडचण खरी आहे, उपाय मला पटत नाही, कारण अपघाताच्या वेळी ही माणसे एकत्रच असणार आहेत आणि तेव्हाही हेल्पर बोलला नाही तर त्याची किंमत जीव असेल. विमानवाहतुकीने हा धडा फार महागात घेतला. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर दोन जंबो जेट एकमेकांवर आदळून ५८३ जण मृत्युमुखी पडले. त्यांतल्या एका विमानाच्या कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरने समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे ना, अशी शंका बोलून दाखवली होती. अत्यंत ज्येष्ठ असलेल्या कप्तानाने ती ठामपणे मोडीत काढली आणि शंका पुन्हा विचारली गेली नाही. १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली, १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने वैमानिकांना एकत्र काम करण्याचे प्रशिक्षण सुरू केले आणि पुढे पूर्ण चमूला सिम्युलेटरमध्ये बसवून, प्रसंग हळूहळू उलगडत नेऊन सराव घेण्याची पद्धत रुळली. कनिष्ठाने दोनदा विचारावे आणि ज्येष्ठाने ते ऐकावे, या दोन्ही गोष्टींचा सराव एकत्र बसूनच होतो. मी मॅनेजरांना आदल्या दिवशी भेटून एवढेच मागते की पहिली वीस मिनिटे तुम्ही फक्त ऐका. बहुतेक जण हे पाळतात आणि पुष्कळांना आपल्या प्लँटमधली एखादी गोष्ट त्या वीस मिनिटांत पहिल्यांदाच कळते.

भूमिकांची अदलाबदल मात्र मी सोडून दिली. मॅनेजरने हेल्पर व्हायचे आणि हेल्परने मॅनेजर, हे कागदावर आकर्षक वाटते. प्रत्यक्षात त्याची एकांकिका होते, मॅनेजर हेल्परच्या बोलण्याची नक्कल करतो, खोली हसते आणि तो हेल्पर दिवसभर पुन्हा तोंड उघडत नाही. आता प्रत्येकजण स्वतःच्याच नावाने, स्वतःच्याच पदावर बसतो.

आणखी एक चूक माझ्या हातून झाली, तिची आठवण मला अजून टोचते. चुलतभावाची ती चिठ्ठी वाचल्यावर दुसऱ्या एका कारखान्यात एक माणूस उठून बाहेर गेला. पूर्वीच्या नोकरीत त्याच्या डोळ्यांसमोर त्याचा सहकारी टाकीत दगावला होता, हे मला ठाऊक नव्हते, कारण मी विचारले नव्हते. मी बाहेर जाऊन त्याच्याजवळ बसले. आत वर्ग माझ्या सहकाऱ्याने सांभाळला. तेव्हापासून मी प्रसंगाचा विषय सुरुवातीलाच सांगते, ज्यांना नको असेल त्यांनी कारण न देता बाहेर थांबले तरी चालेल असे सांगते आणि सेफ्टी ऑफिसरकडे आधीच चौकशी करते. लोकांच्या मनातले खरे उत्तर बाहेर काढणारे साधन आपण वापरतो, तेव्हा त्यासोबत दुःखही बाहेर येऊ शकते, आणि त्याची तयारी ठेवणे हे प्रशिक्षकाचे काम आहे.

मॉक ड्रिल होते, मग हे वेगळे कशाला, असे मला विचारले जाते. १९८४ च्या भोपाळनंतर आपल्याकडे कायदा बदलला; १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले आणि १९८९ च्या घातक रसायनांसंबंधीच्या नियमांनुसार कारखान्याच्या अंतर्गत आपत्कालीन योजनेचे मॉक ड्रिल दर सहा महिन्यांनी घ्यावे लागते. ते घेतलेच पाहिजे, सायरन वाजतो की नाही, असेंब्ली पॉइंटला किती मिनिटांत माणसे जमतात, पंप चालू होतो की नाही हे त्यातूनच कळते. पण ड्रिलमध्ये माणूस पळतो, टेबलावर तो विचार करतो; ड्रिलमध्ये कोणी म्हणत नाही की मी उडी मारीन. याउलट बीए सेट चढवणे, मास्कची गळती तपासणे, विंच फिरवणे या गोष्टी टेबलावर बसून कोणालाही येणार नाहीत. ज्याला गॅसची प्राथमिक माहितीही नाही अशा नव्या माणसाला प्रसंगात बसवणे हाही त्याच्यावर अन्याय आहे. त्याला आधी शिकवावे, मग बसवावे.

वर्ग संपताना मी आता चाचणी घेत नाही. एका कागदावर तीनच गोष्टी लिहून घेते : उद्यापासून काय बदलायचे, ते कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. त्यावर प्लँट मॅनेजरची सही असते. पंचेचाळीस दिवसांनी मी तो कागद घेऊन परत जाते आणि ही दुसरी खेप मान्य नसेल तर पहिलीही घेत नाही.

त्या ईटीपीच्या कारखान्यात मी परत गेले तेव्हा पावसाळा सुरू झाला होता. कठड्यावरच्या पिवळ्या खुणा थोड्या पुसट झाल्या होत्या, पण ट्रायपॉड ताडपत्रीखाली टाकीपासून दहा पावलांवर उभा होता. बीए सेटचा दुसरा जोड अजून आला नव्हता, खरेदी विभागाकडे कागद अडकला होता, ते मी माझ्या अहवालात लिहिले. डिटेक्टर कुठे आहे असे विचारल्यावर स्टोअरच्या माणसाने मला शिफ्ट इनचार्जच्या केबिनमध्ये नेले. तिथे भिंतीवर चार्जर लावला होता, त्यात दोन डिटेक्टर होते, एकाचा हिरवा दिवा लागलेला. तिसरी जागा रिकामी होती आणि खाली लटकवलेल्या वहीत त्या सकाळची नोंद होती : वेळ, टाकीचा क्रमांक, नेणाऱ्याची सही. सही त्या हेल्परची होती.